दिलगिरी मी लिहिली नाही

अलिबागजवळच्या एका गाड्यांच्या शोरूममध्ये मी नोकरीला लागले तेव्हा माझ्या टेबलावर 'ग्राहक संपर्क' अशी पाटी होती. संपर्क म्हणजे नेमकं काय करायचं हे कुणी नीट सांगितलं नव्हतं. हळूहळू कळलं, की शोरूममध्ये जे जे घडतं ते गिऱ्हाइकांना गोड शब्दांत कळवायचं. नवा रंग आला, कळवा. मोफत तपासणीचं शिबिर आहे, कळवा. बुक केलेली गाडी अजून आलेली नाही, तेही कळवा, पण राग येणार नाही असं. खाऱ्या हवेने गाडीच्या पोटाला गंज चढतो, पावसाळ्याआधी कोटिंग करून घ्या, हे मी दर मे महिन्यात लिहायची आणि ते गेल्या वर्षीपेक्षा जरा जास्त भीती वाटेल असं लिही, असं शेठ दर वर्षी सांगायचे.

शेठ म्हणजे शोरूमचे मालक. वडिलांच्या गॅरेजचं त्यांनी हिमतीने शोरूम केलेलं. माणूस वाईट नव्हता. कामगारांच्या आजारपणात स्वतः दवाखान्यात जाऊन बसायचे. पण गिऱ्हाईक नाराज होईल या एका गोष्टीची त्यांना अशी धास्ती, की कुणी आवाज चढवला की ते आधी माफी मागायचे आणि मग काय झालं ते विचारायचे.

आमच्याकडून गाडी घेतलेल्या सगळ्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप होता. उरणचे ट्रेलरवाले, आगरदांड्याचा कोलंबीचा व्यापारी, भातशेती करून कंपनीत पाळी करणारे, मांडव्याला रो-रो बोटीने उतरून शनिवार-रविवार बंगल्यावर येणारे मुंबईकर, असे सगळे त्यात. सर्व्हिसच्या बातम्या कुणी वाचत नसे. वाचली जायची ती डिलिव्हरीची बातमी. कुणी कुठली गाडी घेतली हे सगळ्यांना हवं असायचं. फोटो मीच काढायची आणि तो कायम सारखाच असायचा. मधे घरातला कर्ता पुरुष, त्याच्या हातात पुठ्ठ्याची मोठी चावी. बाजूला बायको, तिच्या हातात ओवाळायचं ताट. कडेला आमचा सेल्समन. गाडी बाईच्या नावावर असली तरी चावी पुरुषाच्याच हातात. ती तशी कुणी द्यायला सांगितली होती असं नाही. सेल्समनचा हात आपोआप तिकडेच जायचा.

ती पहिल्यांदा आली ती दुपारी, स्कूटरवरून. पंचेचाळिशीची असेल. हेल्मेट काखेत, पदर खोचलेला, चेहरा उन्हाने रापलेला. सेल्समन उठून गेला आणि सवयीने त्याने विचारलं, सोबत कोण आलंय? तिने मागे वळून दाराकडे पाहिलं.

"कोनी न्हाय. का, एकटीला आत घेत न्हाय काय?"

मला हसू आलं. तिने ते बघितलं आणि तीही हसली. आमची ओळख तिथून.

नागावला तिची नारळाची वाडी होती आणि वाडीत पाहुण्यांसाठी बांधलेल्या चार खोल्या. नवऱ्याने सुरू केलेला धंदा. नवरा दोन-अडीच वर्षांपूर्वी हृदयविकाराने गेला, तेव्हा खोल्या कुणाला तरी चालवायला दे असं सगळ्यांनी सांगितलं होतं. तिने दिल्या नाहीत. अडचण एकच होती. मांडव्याला उतरलेले तिचे पाहुणे तिच्याकडे पोचेपर्यंत वाटेत भलत्याच्याच घरी उतरवले जायचे. रिक्षावाले सांगायचे, अहो ते बंद झालं, मालक वारले. म्हणून तिला गाडी हवी होती. स्वतः चालवत जेट्टीवर जायचं, पाहुण्यांना स्वतः आणायचं.

तिने विचारलेले प्रश्न मला अजून आठवतात. समुद्रातून ओल्या अंगाने आलेली माणसं बसली तर सीटचं काय होतं? दारातली वाळू कशी काढायची? सेल्समन तिला टचस्क्रीन दाखवत होता. मग चालवून बघायची वेळ आली तेव्हा तो आपणच ड्रायव्हरच्या जागेवर बसला आणि म्हणाला, बसा बाजूला, फिरवून आणतो. ती त्याच्या दारापाशी उभी राहिली. तो खाली उतरेपर्यंत नुसती उभी राहिली.

रंग तिने तांबडा निवडला, गडद. तो शिल्लक नव्हता, थांबावं लागणार होतं. थांबते म्हणाली.

दुसऱ्या खेपेला तिचा धाकटा दीर बरोबर आला. गावात चार लोकांत उठबस असलेला, स्वच्छ पांढऱ्या शर्टातला, बोलायला नरम. तो आल्यावर सेल्समन त्याच्याशीच बोलायला लागला. दोघांनी मिळून पांढरा रंग ठरवला, पांढरी गाडी लगेच मिळत होती. ती ऐकत बसली होती. सेल्समनने पांढरा लिहिला तेव्हा तिने तो खोडायला लावला. दीर हळूच म्हणाला की वहिनी, लाल गाडी बरी दिसेल का, लोक बोलतील. त्याला काय म्हणायचं होतं ते आम्हा सगळ्यांना कळलं. ती म्हणाली, पाहुणे लांबून वळखतील, भावजी. एवढंच. विषय तिने तिथेच मिटवला.

मग माझं काम सुरू झालं. तिची गाडी कुठवर आली हे मी तिला फोनवर कळवायची. कारखान्यातून निघाली. वाटेत अडकली. यार्डात पोचली. फोन उचलला की मागे कधी नारळ पडल्याचा धप्प आवाज, कधी तव्यावर मासळी चरचरत असलेली. "बोल बाय, कुठं पोचली माझी गाडी?" असं विचारायची, जणू सासरहून मुलगी यायची आहे. रेवदंड्याच्या रस्त्यावर ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत सराव चालला होता, एकदा बैल आडवा आला तर मास्तरच ओरडला, ती नाही. मला त्या फोनची सवय झाली. बाकीच्या गिऱ्हाइकांना मी गाडी उशिरा का येतेय त्याची कारणं सांगायची, तिला खरं सांगायची.

डिलिव्हरीच्या दिवशी सकाळी ती आली, कॉलेजला जाणारी मुलगी बरोबर, आणि मागोमाग दीर आणि जाऊ. दिव्यांखालच्या चौथऱ्यावर तांबडी गाडी सॅटीनच्या कापडाखाली झाकून ठेवली होती. मी फोन घेऊन उभी राहिले. कापड ओढलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेल्समनने पुठ्ठ्याची चावी उचलली आणि दिराकडे केली. दिराने हात पुढे केलाही. तिने मधेच ती घेतली, शांतपणे, जशी कुणाच्या हातून पिशवी घ्यावी.

मग ताट. ताट जावेच्या हातात होतं. हळद, कुंकू, अक्षता, पेढे, हार, सगळं घरून नीट मांडून आणलेलं. जाऊ बिचारी पुढे झाली. कुणी काही बोललेलं नव्हतं, पण ते घरीच ठरलेलं होतं हे दिसत होतं. गाडी हिची, पण हळदकुंकू लावायचं ते सवाष्णीने.

तिने जावेच्या खांद्यावर हात ठेवला. "दे माझ्याकं."

जावेने नवऱ्याकडे बघितलं. दीर पुढे आला आणि आवाज खाली घेऊन म्हणाला, "वहिनी, चार लोक बघतायत. हिला करू द्या. रीत हाय ती."

"रीत हाय, म्हाईत हाय मना," ती म्हणाली. "सकाळी उठून पाहुण्यांचा चहा मी करते. वाडी मी बघते. ही गाडी मी चालवनार. कुंकू तेवढं दुसरीनं का लावायचं?"

"दादाला काय वाटंल?"

"त्यांना गाडीत पुढं बसायला आवडायचं. त्यांना काय वाटायचंय?"

शोरूममध्ये तेव्हा आणखी दोन कुटुंबं गाड्या बघत होती. तीही आता इकडेच बघायला लागली. जावेने ताट दिलं. तिने बोट कुंकवात बुडवून बॉनेटवर स्वस्तिक काढलं. तांबड्या रंगावर तांबडं कुंकू दिसेना, म्हणून वर हळदीची रेघ ओढली. हार घातला. बाहेर नेऊन चाकापुढे नारळ फोडला, एका फटक्यात.

स्वस्तिक काढत असतानाच मी फोटो काढला. ती वाकलेली, बोट बॉनेटवर, चेहऱ्यावर काम करताना असतं तसं लक्ष. माझी आत्या मला आठवली. आई कामावर जायची तेव्हा मला तिनेच सांभाळलं, आणि माझ्या भावाच्या हळदीत ती दिवसभर मागे भांड्यांपाशी बसून राहिली होती. तिला तिथे बस असं कुणी म्हटलं नव्हतं. पुढे ये असंही कुणी म्हटलं नव्हतं, मीसुद्धा नाही, मी लहान होते.

बातमी लिहून मी तिला वाचून दाखवली. ग्रुपवर टाकू का, असं विचारलं. मी आधी तिच्या दिवंगत नवऱ्याचं नाव घालून 'यांच्या पत्नी' असं लिहिलं होतं. तिने ते काढायला लावलं. "गाडीच्या कागदावर हाय तेच नाव लिव." मग मी लिहिलं, की नागावच्या अमुक ताईंनी आपल्या गाडीची पूजा स्वतः केली आणि गाडी स्वतः चालवत घरी नेली. दुसरं वाक्य खरं ठरावं म्हणून मी ती गाडी फाटकातून बाहेर पडून वळण घेईपर्यंत थांबले आणि मगच पाठवलं.

दुपारपर्यंत अंगठे आणि फुलं येत होती. मग एकाने लिहिलं, शुभ कामात असं करू नये. दुसऱ्याने त्याला हात जोडले. एका बाईने लिहिलं, छान, आणि थोड्या वेळाने ते पुसून टाकलं. हे सगळं चालायचं म्हणून मी सोडून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचले तर एक गिऱ्हाईक आधीच येऊन बसलेलं. आज त्यांची डिलिव्हरी. त्यांचं म्हणणं सरळ होतं: आमची गाडी त्या जागेवर उभी करू नका. कालच्या त्या जागेवर. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, दिव्यांखालची जागा ही एकच आहे, सगळ्यांच्या गाड्या तिथेच उभ्या राहतात. ते म्हणाले, मग बाहेर द्या. बाहेर गाड्या धुवायच्या रॅम्पशेजारी मोकळी जागा होती, साबणाच्या पाण्याने भिजलेली. तिथे त्यांनी डिलिव्हरी घेतली. बायकोचा जरीचा काठ चिखलात लोळला. मी फोटो काढला, त्यात मागे पाण्याचा पाईप आला. तो काढून टाका असं ते म्हणाले, मी म्हटलं, जागा तुम्हीच निवडली.

तोपर्यंत दिराचा शेठना फोन येऊन गेला होता. शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते रागावलेले नव्हते, घाबरलेले होते. फोटो त्यांनी ग्रुपवरून आधीच काढून टाकला होता. आता माझ्याकडून त्यांना एक मेसेज हवा होता. मजकूर त्यांनीच सांगितला: काल चुकून एक फोटो टाकला गेला, कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर आम्ही दिलगीर आहोत.

"चुकून नाही टाकला," मी म्हटलं.

"अगं, असं लिहायची पद्धत असते."

"मी तिला विचारून टाकला. तिला वाचून दाखवला. चुकून असं लिहिलं तर खोटं होईल."

"तुला कळत नाही. ही आपल्या गावांतली माणसं आहेत. उद्या बुकिंग काढून घेतील."

"मग ती नागावची बाई आपल्या गावातली नाही का?"

ते म्हणाले, दुपारपर्यंत मेसेज गेला पाहिजे. मी बाहेर आले. रडू येत होतं आणि ते इथे येऊ द्यायचं नाही असं मी ठरवलं. मागे वर्कशॉपच्या जिन्यात जाऊन तिला फोन लावला. फोटो ग्रुपवरून काढून टाकलाय, माफीचा मेसेज मागतायत, असं सांगितलं. आधी तिला विचारावं असं मला वाटलं, कारण फोटो तिचा होता. ती तेव्हा मांडव्याला, पाहुण्यांची बोट लागायची वाट बघत. वाऱ्याने आवाज तुटत होता.

"माझ्यावतीनं माफी मागू नको हां, बाय," ती म्हणाली. "तुला तुझ्यावतीनं मागायची असंल तर माग. तुझी नोकरी हाय, मी काय बोलनार न्हाय."

मग बोट लागली आणि तिने फोन ठेवला.

मी टेबलाशी आले आणि मेसेज लिहिला. दोनदा वाचला आणि पाठवला. तो असा होता: कालच्या फोटोबद्दल काही ग्राहकांनी विचारणा केली आहे. गाडीची पूजा कोणी करायची हे गाडी ज्यांच्या नावावर आहे ते ठरवतात. शोरूम त्यात पडत नाही. डिलिव्हरीची जागा सर्वांना एकच आहे.

शेठनी तो वाचला आणि ते केबिनमधून स्वतः चालत माझ्याकडे आले. हात पुढे केला. ग्रुप ज्यावरून चालायचा तो शोरूमचा फोन मी त्यांच्या हातात ठेवला. दुसऱ्या दिवसापासून मला इन्शुरन्सच्या टेबलावर बसवलं. 'ग्राहक संपर्क'ची पाटी कपाटावर पडली. काढून टाकलं असतं तर मी गेले असते. काढलं नाही, तर मीही सोडून जायची नाही असं ठरवलं. घरी आईने विचारलं, वाकून एक ओळ लिहिली असती तर काय बिघडलं असतं? मी म्हटलं, मग रोज लिहावी लागली असती.

ग्रुपचं काम पनवेलच्या कुणाला तरी बाहेर दिलं. तिकडून रोज सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार यायला लागले. गाडी कुठवर आली हे काही कळेना, म्हणून लोक माझा नंबर शोधून इन्शुरन्सच्या टेबलावर फोन करायला लागले. मी सांगायची. मला मनाई कुणी केली नव्हती.

दसऱ्याच्या आधी उरणकडच्या एका मुलाचा फोन आला. ट्रेलर चालवून त्याने स्वतःची पहिली गाडी बुक केली होती. बोलायला अडखळत होता. वडील नाहीत, त्याला वाटत होतं पूजा आईने करावी. आई म्हणते शोरूमवाले चालवून घेणार नाहीत. तुमच्याकडे हरकत आहे का?

"शोरूमची हरकत नसते," मी सांगितलं. "आईंना घेऊन या."

फोन ठेवला आणि थेट केबिनमध्ये गेले. मी असं सांगितलंय, म्हटलं. शेठ म्हणाले, मला आधी विचारायचं. मी म्हटलं, विचारलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता का? त्यांनी चष्मा काढून पुसला, बराच वेळ पुसला, आणि नाही असं काही ते म्हणाले नाहीत.

डिलिव्हरीच्या दिवशी मुलगा आईला घेऊन आला. म्हातारी मिठागरात राबलेली, पायाच्या भेगा काळ्या पडलेल्या. ती चौथऱ्याच्या कडेलाच थांबली होती, मुलगा तिला हाताला धरून पुढे आणत होता. तिने कुंकू लावलं तेव्हा ती सारखी इकडेतिकडे बघत होती, कुणी अडवेल म्हणून. कुणी अडवलं नाही. शेठ केबिनच्या दारात उभे होते. फोटो काढ, असं त्यांनी मला लांबूनच खुणावलं.

मी त्यांच्याजवळ गेले. "ग्रुपवर जाणार असेल तर काढते. नाहीतर त्यांचा मुलगा काढेल."

आमचं हे बोलणं हळू आवाजात चाललं होतं. म्हातारीला काही कळत नव्हतं, ती आपली हार सरळ करत होती. शेठनी तिच्याकडे बघितलं. मग टेबलाच्या खणातून शोरूमचा फोन आणून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, त्यांना विचारून घे आधी. मी विचारलं. मुलगा म्हणाला, आई, टाकू? ती म्हणाली, पदर नीट आलाय का बघ.

त्या बातमीवरही कुरबुर झाली. दोन बुकिंगं गेली, ती याच्यामुळे की दुसऱ्या कशामुळे ते सांगता येत नाही. शेठ मात्र सांगायचे, याच्यामुळेच. पण फोन त्यांनी परत मागितला नाही. पनवेलचा माणूस फुलं पाठवत राहिला तो महिनाअखेरपर्यंत.

नागावची ताई आणि तिचा दीर अजून बोलत नाहीत. जाऊ मात्र तिच्या गाडीतून बाजाराला येते, पुढच्या सीटवर बसून. मध्यंतरी मांडव्याच्या गर्दीत कुणीतरी मागचं दार चेपलं तेव्हा ताई क्लेमसाठी आली होती. दार बदलून दिलं, पण रंगाची छटा जराशी वेगळी आली आहे असं तिचं म्हणणं, आणि त्यावरून ती वर्कशॉपच्या प्रमुखाशी अर्धा तास भांडली. माझ्याशीही भांडली. शेवटी दार पुन्हा रंगवून घेऊनच गेली.

आता बातम्या मीच लिहिते. कोण कुठल्या गाडीपुढे उभं राहून पूजा करतं ते लोक आपलं ठरवतात, मी फोटो काढते आणि नाव कागदावर असेल तसं लिहिते. गेल्या महिन्यात एका गृहस्थांनी मला वेगळा मेसेज करून सुचवलं, की अशा फोटोंच्या आधी एखादी खूण टाकत जा, म्हणजे ज्यांना पटत नाही त्यांना बघावे लागणार नाहीत. मी त्यांना लगेच उत्तर दिलं. ग्रुपमधून बाहेर पडायचं बटण कुठे आहे ते लिहिलं आणि खाली, त्यांच्या गाडीची सर्व्हिस पुढच्या आठवड्यात असल्याचंही कळवलं.